परदेशातल्या अनाथाश्रमाला पैसे पाठवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशांतल्या ख्रिस्ती मिशनांच्या कामावरून गेले काही आठवडे आपल्या पत्रांच्या सदरात वाद चालला आहे. एका बाजूच्या मते बेघरांना दिलेले जेवण म्हणजे धर्मांतराचे आमिष. दुसऱ्या बाजूच्या मते ही इतकी निर्मळ सेवा आहे की तिच्याविषयी शंका काढणेच पाप. पण हे काम रोज सकाळ-संध्याकाळ नेमके कसे चालते, कुठे अडते आणि का फसते, याबद्दल दोन्हीकडून एक ओळ आलेली नाही. आम्ही बडोद्यात मुलांच्या प्रश्नांवर काम करणारी माणसे आहोत. आमच्यात काही ख्रिस्ती आहेत, बाकीचे नाहीत.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यापासून कारेलीबागेपर्यंत अशी मराठी घरे पुष्कळ आहेत, ज्यांची मुले अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत. आईवडील सहा-सहा महिने तिकडे राहतात आणि शेजारच्या चर्चच्या अन्नछत्रात वाढायला जातात. कॉलेजातली मुले सुट्टीत नेपाळ, कंबोडिया किंवा केनियातल्या अनाथाश्रमात दोन-तीन आठवडे ‘सेवा’ करून येतात. त्यासाठी वर्गणी जमते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतात. या सगळ्यांना आमचे एकच सांगणे आहे. रस्त्यावरचे मूल बहुतेक वेळा अनाथ नसते. त्याला आई असते, आजी असते, निदान मामा-मावशी तरी असतेच. त्यामुळे मदत अशी हवी की तिच्यामुळे ते मूल घरच्यांजवळ राहील. मिशनांना हे शहाणपण दीडशे वर्षे ठेचा खाल्ल्यावर आले. आपली वर्गणी मात्र अजून त्यांनी सोडून दिलेल्या वाटेनेच चालली आहे.

त्या ठेचा कोणत्या, ते आधी सांगतो. थॉमस बर्नार्डो हा आयरिश तरुण चीनला मिशनरी म्हणून जायच्या तयारीने १८६६ मध्ये लंडनला आला आणि तिथल्या पूर्व भागातली उपाशी पोरे पाहून तिथेच राहिला. १८७० मध्ये त्याने स्टेपनीला मुलांचे पहिले वसतिगृह उघडले. काम खरोखर मोठे होते, पण त्यात दोन खोट शिरल्या. पहिली फोटोंची. मूल आले तेव्हा आणि महिन्यांनंतर, असे जोडफोटो काढून त्यांची कार्डे विकली जात. पहिल्या फोटोत मूल अधिक दीनवाणे दिसावे म्हणून कपडे मुद्दाम फाटके केल्याचा आरोप झाला, प्रकरण १८७७ मध्ये लवादापुढे गेले आणि त्या फोटोंबद्दल बर्नार्डोला ठपका सोसावा लागला. दुसरी खोट त्याहून भयंकर. १८६९ पासून पुढे कित्येक दशके बर्नार्डोच्या आणि इतर ख्रिस्ती संस्थांनी मिळून सुमारे एक लाख ब्रिटिश मुले कॅनडात पाठवली, नंतर ऑस्ट्रेलियातही पाठवली. त्यांतल्या कितीतरी मुलांचे आईबाप जिवंत होते. भाऊ एका शेतावर आणि बहीण शेकडो मैल दूर दुसऱ्या घरी, असे झाले. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २०१० मध्ये याबद्दल जाहीर माफी मागितली. अमेरिकेतही तेच घडले. चार्ल्स लोरिंग ब्रेस या धर्मोपदेशकाने १८५३ मध्ये न्यूयॉर्कला बालसाहाय्य संस्था काढली. पुढच्याच वर्षापासून मुलांना आगगाडीत बसवून पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे रवाना करणे सुरू झाले, ते १९२९ पर्यंत चालले. त्या गाड्यांतून गेलेल्या मुलांचा अंदाज दोन लाखांचा आहे.

इथे कुणी पंडिता रमाबाईंचे नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, आणि १९०० च्या ‘छप्पन्निया’ दुष्काळात त्यांची माणसे गुजरातेत उतरली. गुजरातेतल्या मिशनांनीही त्या वेळी हजारो पोरकी मुले सांभाळली. पण तो दुष्काळ होता. घरेच्या घरे मरून गेली होती आणि मुलीला परत पाठवायला जागा उरली नव्हती. आज नैरोबीच्या किंवा काठमांडूच्या रस्त्यावर दिसणाऱ्या मुलाची परिस्थिती तशी नाही. तेव्हाचा इलाज आजच्या दुखण्याला लावला तर अपायच होतो.

आता ज्यांनी काम नीट बसवले, त्यांच्याकडे वळतो. आमच्या मते सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण कोलंबियातल्या बोगोटा शहराचे आहे. तिथे १९७० च्या आसपास हाविएर दे निकोलो या इटलीत जन्मलेल्या सेलेशियन पाद्र्याने रस्त्यावरच्या मुलांसाठी काम सुरू केले. तूरिनचे डॉन बॉस्को यांनी १८५९ मध्ये स्थापलेल्या संघातले हे पाद्री. दे निकोलोंनी कुणालाही उचलून आणले नाही. कामाला टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याची पायरी मुलाने स्वतः चढायची, असे ठरवले. पहिल्या टप्प्यात कार्यकर्ते रात्री टोळीजवळ जाऊन बसत. गप्पा मारत, जखम बांधत, आणि कुठेही चला म्हणत नसत. दुसऱ्या टप्प्यात दिवसा उघडे असलेले अंगण होते. तिथे अंघोळ, कपडे धुणे, एक जेवण, डॉक्टर आणि खेळ मिळे, पण संध्याकाळी अंगण बंद होई आणि मूल पुन्हा रस्त्यावर जाई. वाचताना हे निष्ठुर वाटते. त्यामागचा विचार पक्का होता. रस्त्यावरच्या मुलाला त्याचे स्वातंत्र्य फार प्यारे असते. पहिल्याच दिवशी कोंडले तर ते तिसऱ्या दिवशी भिंतीवरून उडी मारते आणि जाताना दोघांना घेऊन जाते. अंगणात येऊन-जाऊन मूल स्वतःच विचारू लागते की रात्री राहू का. मग झोपण्याची जागा, तीही नशा सोडण्याच्या अटीवर. त्यानंतर काही महिने शाळा आणि हातकाम. शेवटी ला फ्लोरिडा नावाची वसाहत, तिथे मुले सभा भरवून स्वतःचा महापौर निवडत आणि कारभार स्वतः पाहत. टोळीचा म्होरक्या असलेल्या पोराच्या अंगातली पुढारकी मोडून काढण्याऐवजी तिला काम दिले, ही त्यातली खरी हुशारी.

हीच पायऱ्यांची पद्धत आज अनेक देशांत थोड्याफार फरकाने चालते. पण ती चालवायला जे बारकावे लागतात, ते देणगीच्या पत्रकात कधी छापले जात नाहीत. त्यांतले काही इथे लिहितो.

रस्त्यावर जाणारी जोडी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यावर गेली पाहिजे, पावसात आणि सणाच्या दिवशीही. नाताळच्या आठवड्यात दहा संस्था येतात आणि फेब्रुवारीत कुणीच फिरकत नाही, हे मूल लक्षात ठेवते आणि पुन्हा विश्वास टाकत नाही. एकट्याने कधीही जायचे नाही. त्यात मुलाचे रक्षण आहे आणि कार्यकर्त्याचेही. रोख पैसे द्यायचे नाहीत, कारण रात्री मोठी पोरे ते काढून घेतात. नवे बूट दिले तर सकाळपर्यंत विकले जातात किंवा हिसकावले जातात, म्हणून वापरलेले पण मजबूत द्यायचे. बिस्किटांचा पुडा फोडूनच हातात ठेवायचा. बंद पुड्याला दुकानात किंमत येते, फोडलेल्याला येत नाही.

जेवणाचा हिशेबही सोपा नाही. ५० मुलांसाठी प्रत्येकी ३०० मिलिलिटर डाळीचे किंवा भाजीचे दाट सूप धरले तर १५ लिटर लागते. ऐनवेळी येणाऱ्यांसाठी पाचवा हिस्सा वाढवून १८ लिटर करायचे. ते एकाच मोठ्या पातेल्यात नेले आणि पातेले कलंडले, तर त्या रात्री दंगा होतो. म्हणून दोन झाकणबंद उष्णतारोधक डब्यांत न्यायचे. अन्न ६० अंश सेल्सियसच्या खाली जाऊ द्यायचे नाही आणि दोन तासांच्या वर बाहेर राहिलेले फेकून द्यायचे. फेकताना जीव तुटतो, पण उघड्यावर राहणाऱ्या मुलाला हगवण लागली तर ती त्याच्या जिवावर बेतते. वाढताना सर्वांत लहान मूल पुढे घ्यायचे, नाहीतर दांडगे आधी येतात आणि धाकट्यांच्या वाट्याला बुडाशी राहिलेले पाणी उरते. जोडीच्या पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे असावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचाच अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचे प्रमाण जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून माप ठरलेल्याच चमच्याचे. ब्राझीलमध्ये झिल्डा आर्न्स या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९८३ मध्ये कॅथोलिक चर्चच्या आधाराने जे बालकांचे काम उभारले, त्यात तर यासाठी प्लास्टिकचा दुतोंडी चमचाच वाटला गेला. एका टोकाला मिठाचे छोटे माप, दुसऱ्या टोकाला साखरेचे मोठे. एक पेला पाणी, छोटे माप एकदा आणि मोठे दोनदा. अक्षरओळख नसलेल्या आईचाही त्यात घोटाळा होत नाही.

नशेबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण हौशी स्वयंसेवक सर्वांत मोठी घोडचूक इथे करतात. नैरोबीच्या रस्त्यावर आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या ओठांत प्लास्टिकची छोटी बाटली दिसते. तळाशी दोन बोटे पिवळट गोंद, चांभार वापरतात तोच. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून बाटली दातांत धरलेली असते आणि मूल तोंडाने श्वास ओढत चालत असते. भूक आणि थंडी कळेनाशी होते, म्हणून मुले तो गोंद हुंगतात. पाहणाऱ्याला वाटते की ती बाटली ओढून फेकून द्यावी. तसे कदापि करू नये. गोंद, थिनर किंवा पेट्रोलसारख्या पदार्थांच्या वाफा ओढलेल्या अवस्थेत हृदयाची लय बिघडण्याच्या बेतात असते. अशा वेळी मूल दचकले, घाबरून पळाले किंवा त्याचा पाठलाग झाला, तर हृदय जागीच बंद पडू शकते. अशा वेळी मंद आवाजात बोलायचे, मोकळ्या हवेत बसवायचे, कुशीवर वळवायचे आणि सोबत राहायचे. समजावणी दुसऱ्या दिवशी सकाळी.

खरजेचे तसेच आहे. एका मुलाला मलम देऊन काही होत नाही. पाच टक्के परमेथ्रिन मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावून ८ ते १४ तास ठेवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. तेही त्याच्याबरोबर एका गोधडीत झोपणाऱ्या प्रत्येकाला त्याच दिवशी. कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे, ते जमत नसेल तर पिशवीत तोंड बांधून तीन-चार दिवस ठेवायचे. अंगण असलेल्या संस्थेत कपडे धुण्याचे यंत्र आणि टाळे लावता येणारे छोटे कप्पे असतील, तर ती संस्था काम समजून करते, असे खुशाल धरावे. कप्प्यात मूल काय ठेवते? जन्माचा दाखला, आईचा फोटो, फोन नंबर लिहिलेला चिटोरा.

जन्माचा दाखला ही तर वेगळीच लढाई. ब्रिटनमधली टॉयबॉक्स ही ख्रिस्ती संस्था ग्वाटेमालासारख्या देशांत मुलांच्या जन्मनोंदणीचे काम करते. दाखला नाही म्हणून शाळा नाही, दवाखान्यात खोळंबा, आणि मोठेपणी नोकरीही नाही. मुलाची नोंद करायला जावे तर आईचीच नोंद झालेली नसते, म्हणून आधी आजीपासून सुरुवात. कचेरीच्या खेपा, जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, हा सगळा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. फोटोत दाखवण्यासारखे यात काही नसल्यामुळे देणगी मिळत नाही. आमच्या मते देणगी द्यायची तर ती याच कामाला द्यावी.

शाळेचा प्रश्न नैरोबीत अर्नोल्ड ग्रोल या डच मिशनरीने १९७३ मध्ये काढलेल्या उंडुगू संस्थेने असा सोडवला की आठ वर्षांचा प्राथमिक अभ्यास तीन वर्षांत बसवला आणि पुढे एक वर्ष सुतारकाम, पत्राकाम यांसारखा धंदा शिकवला. बारा वर्षांच्या पोराला पहिलीच्या बाकावर बसवले तर ते लाजून दुसऱ्या दिवशी येत नाही. मंगोलियात प्रश्न थंडीचा. साम्यवादी राजवट कोसळल्यावर उलानबातरची मुले शहर गरम ठेवणाऱ्या नळांच्या भुयारांत राहू लागली. वर उणे ३० अंश आणि खाली भाजणारा नळ. १९९२ मध्ये तिथे पोचलेल्या कॅथोलिक मिशनऱ्यांनी पुढे व्हर्बिस्ट केंद्र उभारले. तिथे निवारा आधी द्यावा लागला, बोगोटासारखे थांबून चालले नसते. पायऱ्या कुठे गाळायच्या, हे हवामानही ठरवते.

श्रीमंत देशांतले चित्र निराळे आहे, आणि बडोद्याहून जाणाऱ्या आईवडिलांना तेच दिसते. अमेरिकेत जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या सरकारी मोजणीत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. त्यांत जवळपास दीड लाख अठरा वर्षांखालची. मुलांसह बेघर असलेल्यांची संख्या एका वर्षात ३९ टक्क्यांनी वाढली. ही मुले फुटपाथवर दिसत नाहीत. ती मोटारीच्या मागच्या सीटवर, मोटेलच्या खोलीत किंवा निवाऱ्यात असतात. आणि जुन्या पद्धतीच्या निवाऱ्यात कुटुंबाची फाटाफूट होते. आई आणि लहान मुले एकीकडे, बाप दुसरीकडे, आणि तेरा-चौदा वर्षांचा मुलगा बायकांच्या निवाऱ्यात चालत नाही म्हणून तिसरीकडे. घर गेले आणि वर घरची माणसेही वाटली गेली.

यावर न्यू जर्सीत कॅरन ओल्सन या बाईंनी १९८६ मध्ये जी व्यवस्था बसवली, ती आज फॅमिली प्रॉमिस नावाने ओळखली जाते. तिची गंमत तिच्या गणितात आहे. एका गावातली तेरा प्रार्थनास्थळे घ्या. त्यांत चर्च असतात, ज्यूंची सिनेगॉगही असतात. प्रत्येकाने वर्षातून चार वेळा एकेक आठवडा द्यायचा, म्हणजे बावन्न आठवडे भरले. एका वेळी तीन ते पाच कुटुंबे, एकूण चौदा माणसांपर्यंत. चर्चमध्ये मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या खोल्या आठवडाभर रिकाम्याच असतात, त्यांत एका कुटुंबाला एक खोली. चर्चची माणसे रात्रीचे जेवण रांधतात, पाहुण्यांबरोबर एकाच टेबलावर जेवतात, आणि दोघे जण रात्री मुक्कामाला राहतात. सकाळी व्हॅन दिवसाच्या केंद्रात नेते. तिथे अंघोळ, कपडे धुणे, फोन, नोकरीचे अर्ज, आणि भाड्याच्या घरासाठी मदत करणारा एक पगारी कार्यकर्ता. नवी इमारत बांधावी लागत नाही, म्हणून खर्च आटोक्यात राहतो, आणि बापासकट सगळे एका छपराखाली झोपतात.

यात बिघडते कुठे, तर रविवारी. त्या दिवशी घडीच्या खाटा, गाद्या, प्रत्येक कुटुंबाच्या पिशव्या, बाळाचा पाळणा, सगळे गाडीत भरून पुढच्या चर्चला न्यायचे असते. एका गादीत ढेकूण असले तर महिन्याभरात चार ठिकाणी पसरतात, म्हणून गाद्यांना चेनची प्लास्टिक खोळ हवीच. मूल तापाने फणफणले असेल तर हलवायचे कसे? व्हॅनचा चालक आला नाही तर बापाची नवी नोकरी पहिल्याच सोमवारी धोक्यात. दर आठवड्याला नव्या खोलीत झोपायला लागल्याने लहान मुले रात्री रडतात, हेही खरे. म्हणूनच कोविडनंतर यातल्या बऱ्याच शाखांनी एकाच जागी कायमचा निवारा केला आणि चर्चची माणसे तिकडे जाऊ लागली. ब्रिटनमध्येही सात चर्च आठवड्याचा एकेक वार वाटून घेऊन हिवाळ्यात रात्रीचा निवारा चालवत. २०२० मध्ये ते बंद करावे लागले, आणि पुष्कळ ठिकाणी पुन्हा सुरू करताना एकेकाला वेगळी खोली देण्याकडे कल झाला. अनुभवाने पद्धत बदलणारी माणसे ही अशी.

तिकडच्या मुलांना शाळेच्या बाबतीत कायद्याचे बळ आहे. अमेरिकेत १९८७ पासूनच्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याने बेघर मुलाला पत्त्याचा पुरावा नसला तरी प्रवेश द्यावाच लागतो. घर सुटले तरी मूल आधीच्याच शाळेत राहू शकते, आणि त्याला तिथवर नेण्या-आणण्याची सोय शाळा खात्याने करायची असते. निवाऱ्यात वाढायला जाणाऱ्या आपल्या काका-काकूंनी एखाद्या आईला एवढे जरी सांगितले की शाळा खात्यात बेघर मुलांसाठी नेमलेला अधिकारी असतो, त्याला भेट, तरी ती मोठी मदत झाली. तिथे काय न्यावे असे विचारणारे बरेच असतात. नवे मोजे, नवे अंतर्वस्त्र, मोठ्या मापाचे डायपर. भिजक्या मोज्यांनी पाय सडतात आणि देणगीत मोजे सर्वांत कमी येतात.

मुलाला घरी परत पोचवणे हा सर्वांत अवघड भाग. पूर्व आफ्रिकेतल्या ख्रिस्ती संस्थांनी यात बरेच काम केले आहे. आधी मुलाकडून गावाचे नाव काढायचे. मूल नाव चुकीचे सांगते, कधी मुद्दाम. मग शाळा, नदी, बाजाराचा वार विचारत गाव शोधायचे. मुलाला न नेता आधी कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पाहायचे की मूल कशामुळे पळाले. सावत्र बापाची मारहाण, आईचे आजारपण, कर्ज, की नुसती उपासमार? ते कारण अजून कायम असेल तर मूल परत नेऊन काही उपयोग नाही, आणि मारहाण असेल तर आजी-मावशीचे घर शोधायचे. पहिली भेट काही तासांची. पाठवताना शाळेची फी, गणवेश आणि घरच्यांना शेळी-कोंबड्या किंवा छोटे भांडवल. ते मुलाच्या हाती द्यायचे नाही, घराला द्यायचे, नाहीतर भावंडांना वाटते की पळून गेल्याचे बक्षीस मिळाले. घरात धान्य संपलेल्या महिन्यात मूल कधी पाठवू नये. आणि त्यानंतर वर्षभर, आधी दर आठवड्याला आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी, कुणीतरी जाऊन बघायचे. ज्या संस्था बसमध्ये बसवून हात झटकतात, त्यांची मुले पंधरा दिवसांत परत त्याच कोपऱ्यावर दिसतात.

याच्या अगदी उलट धंदा अनाथाश्रमांच्या नावाने चालतो. कंबोडियात २००५ नंतरच्या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या तीन-चतुर्थांशांनी वाढली, आणि त्यांतल्या चारपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. अनाथ वाढले नव्हते, पर्यटक आणि देणगीदार वाढले होते. नेपाळात असल्या संस्थांपैकी सुमारे नव्वद टक्के काठमांडू, कास्की (पोखरा), चितवन अशा पर्यटकांच्या पाच जिल्ह्यांतच एकवटलेल्या आढळल्या. दलाल डोंगरातल्या गावात जाऊन शिक्षणाचे वचन देतो, बापाकडून पैसेही घेतो, कागदोपत्री मूल अनाथ करतो. मूल जितके हडकलेले, तितकी देणगी जास्त, म्हणून त्याला भरवतही नाहीत. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा केला, तेव्हा या व्यवहाराचीही दखल घेतली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे होणारे अपाय रोखण्याचे आवाहन केले. रुमानियात २००० च्या सुमारास १३६ बालकांवर सुरू झालेल्या बुखारेस्ट अभ्यासात दिसले की वयाच्या दोन वर्षांच्या आत संस्थेतून पालक-कुटुंबात गेलेली मुले संस्थेत राहिलेल्यांपेक्षा बुद्धीने आणि मायेच्या नात्यात किती तरी पुढे गेली. तीन आठवडे लळा लावून निघून जाणारा प्रत्येक तरुण पाहुणा त्या मुलाला आणखी एकदा टाकून जातो. हे आपल्या मुलांना कठोर वाटेल, तरी सांगायलाच हवे.

राहिला धर्माचा प्रश्न. मिशनची माणसे श्रद्धेतूनच येतात, आणि पगार नसताना वीस-वीस वर्षे एका गल्लीत टिकण्याचे बळ त्यांना त्या श्रद्धेतूनच मिळते, हे आम्ही मान्य करतो आणि त्याचा आदर करतो. पण भुकेल्या मुलाची संमती ही संमती नसते. मदतीचा उपयोग कोणत्याही धार्मिक किंवा राजकीय मताच्या प्रसारासाठी करायचा नाही, असे १९९४ च्या रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे, आणि अनेक मोठ्या ख्रिस्ती संस्थांनी ती स्वीकारली आहे. म्हणून वाद घालण्यापेक्षा नेमके विचारावे. जेवण प्रार्थनेआधी की नंतर? प्रार्थनेला न बसलेल्या मुलाला ताट मिळते का? पालकांना न विचारता बाप्तिस्मा देता का? दुसऱ्या धर्माच्या मुलाला त्याच्या सणाला घरी पाठवता का? चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. हेच प्रश्न हिंदू, मुसलमान, शीख संस्थांनाही लागू आहेत.

पैसे पाठवण्याआधी आणखी विचारा, की गेल्या वर्षी किती मुले घरी परत गेली आणि त्यांतली किती अजून घरीच आहेत. किती मुले ‘सांभाळतो’ एवढाच आकडा सांगणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नका. मुलाच्या चेहऱ्याचा फोटो मागू नका आणि आला तर पुढे पाठवू नका. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा थोडी रक्कम बरी, कारण कार्यकर्त्याचा पगार फेब्रुवारीतही द्यावा लागतो. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत देणगीसह सर्व मिळून पाठवता येतात. अशा कारणासाठी पाठवलेली रक्कम वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेली तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधी कापते, तो विवरणपत्र भरताना जमेस धरता येतो.

तिकडे जाऊन प्रत्यक्ष काम करायचे असेल तर ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण तीस दिवसांपर्यंतच स्वयंसेवा चालते. मुलांशी संबंध येणार असेल तर ब्रिटन, ऑस्ट्रेलियात पोलिस तपासणी मागतात. आपल्याकडच्या ज्येष्ठांना याचा अपमान वाटतो, पण तो मानू नये. जिथे कुणीही येऊन मुलांत मिसळू शकतो आणि कागद विचारला जात नाही, त्या संस्थेच्या दारातूनच परत फिरावे. आणि इथे, बडोदा स्टेशनवर एकटे मूल दिसले, तर त्याला घरी नेऊ नये, खाऊ देऊन निघूनही जाऊ नये. १०९८ वर फोन करून माणूस येईपर्यंत त्याच्याजवळ थांबावे. कायद्याप्रमाणे त्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यायचे असते, आणि घर शोधायची सुरुवात तिथूनच होते.

आपले,
बालकांच्या क्षेत्रात काम करणारे काही कार्यकर्ते,
वडोदरा